न लुकलुकणारा दिवा

लेल्या तोत्काच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्या आणि रेडिओ यांच्या मधोमध, एक कॉम्प्युटर बसलेला असायचा. 'ठेवलेला' नाही म्हणत मी. घरातलं वयस्कर माणूस कोपऱ्यात बसतं, तसा तो बसलेला असायचा. डोक्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गुलाबाच्या मुरंब्याची बरणी, आणि दर वर्षी त्याच खोलीत भाजलेल्या लाल मिरच्यांचा धूर खाऊन खाऊन अंगाला आलेला चहाचा रंग. नवख्या माणसाला वाटायचं, पाव ठेवायचा डबा असेल. गॅसचा मीटर बघायला आलेल्या एकाने तर त्याचं झाकण उघडायचा प्रयत्नही केला होता. लेल्याने त्याच्या हातावर चमचा मारला.

लेल्या म्हणजे मावशी. ती आमच्या अख्ख्या इमारतीची मावशी होती, आणि तिचा नवरा झेल्यो हा अख्ख्या इमारतीचा काका, म्हणजे चिचो. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. पण आमची ओळख इमारतीतली नव्हे, कारखान्यातली.

आमच्या स्तारा झागोरा गावात एके काळी हार्ड डिस्क बनायच्या. आज हे सांगितलं की तरुण पोरं समजूत काढल्यासारखं हसतात; आजोबांनी वाघ मारल्याची गोष्ट ऐकावी तसं. पण बनायच्या खऱ्या. सकाळी कारखान्याच्या बसगाड्या लिंडनच्या झाडांखालून रांगेने जायच्या, आणि जूनमध्ये त्या झाडांना फुलं आली की अर्धी बस झोपेत आणि अर्धी त्या वासाने गुंगलेली असायची. आत गेलं की बसमधल्या माणसांच्या तीन जाती व्हायच्या. डिस्कवाले, कंट्रोलरवाल्या आणि आम्ही पॅकिंगवाले.

डिस्कवाले स्वतःला ऑपरेशन करणारे डॉक्टर समजत. पांढरे झगे, टोप्या, बुटांवर पिशव्या. त्यांच्या खोलीत धुळीचा कण जाता कामा नये, आणि तोंडातून मोठा आवाजही निघू नये अशी त्यांची इच्छा असे. चिचो झेल्यो त्यांच्यातला. कंट्रोलरचा विभाग समोरच्या इमारतीत, तिथे बहुतेक बायका. राळेचा वास, डिंकासारखा धूर, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या आणि दिवसभर गप्पा. लेल्या तोत्का तिथे तारांना दिलेले डाखाचे टाके तपासायची. आता डिस्क म्हणजे तबकडी फिरवणारं यंत्र, आणि कंट्रोलर म्हणजे 'इथलं वाच, तिथे लिही' असं त्या यंत्राला सांगणारं कार्ड. दोघांच्या मध्ये एक चपटी राखाडी केबल. थोडक्यात, एक काम करणारा आणि एक काम सांगणारी. त्या दोघांचं पुढे लग्न झालं यात मला तरी कधी नवल वाटलं नाही.

त्यांची भेटही भांडणातच झाली. कुठलंही मशीन बिघडून परत आलं की डिस्कवाले म्हणायचे, कंट्रोलर खराब आहे. कंट्रोलरवाल्या म्हणायच्या, डिस्क खराब आहे. हा वाद कारखान्याइतकाच जुना होता आणि कारखान्यापेक्षा जास्त टिकला. एकदा असंच एक मशीन आलं, आणि झेल्यो बगलेत डिस्क घेऊन, तोत्का हातात कार्ड घेऊन, साहेबाच्या खोलीत समोरासमोर उभे राहिले. साहेबाने दोघांचं ऐकून घेतलं. मग शिपायाने येऊन सांगितलं की ज्या टेबलावर ते मशीन तपासलं, त्या टेबलाच्या प्लगात वीजच नाही. दोघं तिथून बाहेर पडले ते थेट उपाहारगृहात गेले. तिथे एका बनित्साची, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या वडीची, दोघांनी वाटणी केली, आणि वाटणीवरूनही वाद घातला असं म्हणतात.

लग्नानंतर तो वाद घरी आला. मुलगी परीक्षेत नापास झाली, तर चिचो म्हणायचा, सांगणाऱ्याने नीट सांगितलं नाही. लेल्या म्हणायची, ऐकणाऱ्याची तबकडी फिरत नाही. पुढे कारखाना मिटला, बसगाड्या बंद झाल्या, खिडकीतली जिरेनियमं कुणी कुणी घरी नेली. सामान विकायला काढलं तेव्हा चिचोने स्वतःच्या हातची एक डिस्क आणली, लेल्याने स्वतः तपासलेलं एक कार्ड आणलं. आणि वर आणखी एक कार्ड, फॉइलमध्ये गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात. "माझ्याकडे जास्तीचं का आहे, विचार," ती मला म्हणाली होती. मी विचारलं. "कारण त्याची डिस्क कधीतरी पहिलं कार्ड जाळणार," ती म्हणाली. ती डिस्क आणि पहिलं कार्ड एका पेटीत जोडून तो कॉम्प्युटर तयार झाला.

त्यावर ते करायचे काय? फारसं काही नाही. रविवारी सकाळी कॉफी झाली की तो सुरू करायचे आणि ऐकायचे. ती डिस्क सुरू होताना गायची हो. आधी पोटातून एक हुंकार, मग तो चढत चढत बारीक शिट्टीसारखा व्हायचा, मग जरा थांबून 'टुक, टुक-टुक'. पुढ्यातला लाल दिवा लुकलुकायचा. चिचो डोळे मिटून बसायचा आणि शिट्टी योग्य पट्टीला पोचली की बोट वर करायचा. लेल्या त्याच्या बोटाकडे नाही, दिव्याकडे बघायची. "शिट्ट्या काय, किटलीपण मारते," असं म्हणायची. "लुकलुकतोय ना, म्हणजे माझं कार्ड बोलतंय."

तर अशा या घराला शेवटी कुलूप लागायची वेळ आली. मुलगी बुर्गासला. तिने दोघांना तिकडेच बोलावलं. वय झालं होतं, जिना चढवत नव्हता, आणि लेल्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. जावई भला माणूस, पण त्याने फोनवर सांगितलं की घर लहान आहे. बरण्या आणा, रेडिओ आणा, ती पेटी मात्र नको. चिचो दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही, आणि जावयाला ते कळलंही नाही, कारण एरवीही चिचो त्याच्याशी फार बोलत नसे.

मग इस्क्रा बाईंचा निरोप आला. या बाई तांत्रिक शाळेत शिकवायच्या आणि तिथे त्या गावातल्या जुन्या यंत्रांची एक खोली मांडत होत्या. त्या शुक्रवारी येऊन कॉम्प्युटर बघणार होत्या. जागा थोडी, देणारे पुष्कळ, म्हणून त्यांची अट एकच होती. चालत असेल तर घेऊ. मेलेली यंत्रं त्यांच्याकडे खोलीभर होती. म्हणजे चालला तर पेटी शाळेत जाणार, नाहीतर भंगारवाल्याच्या गाडीत. तिसरी वाट नव्हती. लेल्याने हे मला जिन्यात सांगितलं, आणि सांगताना कठड्यावरची नसलेली धूळ पुसत राहिली.

त्याच आठवड्यात तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर भोकाभोकांची प्लॅस्टिकची वाटी चिकटवून ती घरी आली. वाकायचं नाही, उचलायचं नाही, ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसरा डोळा आधीच धुक्यात. गुरुवारी दुपारी तिने जिन्यातून हाक मारली, "ए पॅकिंग, वर ये." कारखाना मिटून इतकी वर्षं झाली, मी मधल्या काळात टॅक्सी चालवली, द्राक्षं विकली, शाळेत पहारेकरी झालो, पण तिच्या लेखी मी पॅकिंगच राहिलो.

वर गेलो तर कॉम्प्युटरचा रुमाल काढलेला, मुरंबा बाजूला. चिचो खिडकीशी सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा. खायची घाई नसलेल्या माणसासारखा एकेक बी बराच वेळ सोलत होता.

"उद्याची रंगीत तालीम करायची म्हणून सुरू केला," लेल्या म्हणाली. "कर बघू परत."

मी बटण दाबलं. हुंकार आला, शिट्टी चढली. चिचोने सवयीने बोट उचललं आणि अर्ध्यावरच खाली घेतलं. लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. लुकलुक नाही, टुकटुक नाही. पडद्यावर एक आकडा आला आणि डिस्क सापडत नाही अशा अर्थाची एक ओळ.

"दिवा कसा आहे?" तिने विचारलं.

"लागलाय."

"लुकलुकतोय का नुसताच लागलाय?"

"नुसताच लागलाय, लेल्या. डोळे वटारल्यासारखा."

तिने सांगितलं की तिच्या विभागात हा आजार आला की नव्या मुलीसुद्धा लांबूनच ओळखायच्या. असा अखंड लागलेला दिवा म्हणजे केबल उलटी बसलीय. डिस्कच्या बाजूला तिला खाच असते, तिथे उलटी जातच नाही. पण कार्डाच्या बाजूला नुसत्या टाचण्या असतात, तिथे कशीही बसते.

"मग उलटी करू?" मी विचारलं.

"काही गरज नाही," ती म्हणाली. "केबल मी बसवलेली आहे. आणि त्या पेटीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. तेव्हा ते सोडून बाकीचं बघायचं."

खिडकीशी एक बी खाली पडलं. चिचो ते शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

पुढचा तासभर मी तिचे हात झालो. ती शेगडीजवळच्या खुर्चीत ताठ बसून सांगत होती, मी करत होतो. झाकण काढलं. आत अपेक्षेपेक्षा फारच स्वच्छ होतं. मला वाटलं, आतून असेच असत असतील. विजेच्या तारा काढून परत बसवल्या. कार्ड काढलं, त्याचे सोनेरी दात नातू सुट्टीत विसरून गेलेल्या खोडरबराने घासले, परत बसवलं. केबल लावायची वेळ आली की मी विचारायचो, कशी लावू? ती म्हणायची, होती तशी. मी होती तशी लावायचो. दिवा होता तसा लागायचा.

मग बिस्किटांचा डबा निघाला. फॉइल तिने माझ्या हाती दिलं नाही, स्वतःच उलगडलं. ते कार्ड आयुष्यात पहिल्यांदाच उजेडात येत होतं. आम्ही ते बसवलं. केबल कशी? होती तशी. बटण दाबलं. हुंकार, शिट्टी, आणि तोच वटारलेला डोळा.

आता दोन कार्डं झाली होती आणि दोन्हींवर तेच. मी पॅकिंगवाला असलो तरी एवढं मलाही कळत होतं. कार्ड बदलूनही आजार बदलत नाही म्हणजे आजार कार्डात नाही. उरते डिस्क. चिचोने स्वतःच्या हाताने जोडलेली, ज्या डिस्कच्या शिट्टीला तो दर रविवारी बोट वर करत आला होता, ती. इतकी वर्षं लेल्या ज्याची वाट बघत होती तो क्षण तिच्या पदरात येऊन पडला होता. साहेबाच्या खोलीतला तो खटला आज निकाली निघणार होता, आणि निकाल तिच्या बाजूने होता. मी तर कान झाकायच्या तयारीत होतो.

तिने वाटी लावलेला चेहरा खिडकीकडे वळवला. तिला चिचो दिसत नव्हता, पाठमोरा आकार तेवढा दिसत असणार. मग ती साध्या आवाजात म्हणाली, "कार्डच गेलं असणार. दोन्ही गेली असतील. डब्यात राहून राहून त्यातही गंज धरला. आमचं काम तसं कच्चंच असायचं."

एरवी बायबलवर हात ठेवूनही तिने हे कबूल केलं असतं असं मला वाटत नाही.

चिचोने बियांची वाटी खिडकीत ठेवली.

"तोत्के," तो म्हणाला, "असं बोलू नकोस."

"जे आहे ते बोलले."

"तुझं काम कच्चं नव्हतं. कधीच नव्हतं." आणि मग घसा साफ करून, शाळेत उभं केल्यासारखा, "पेटी मी उघडली होती."

मग त्यानेच सगळं सांगितलं. ती दवाखान्यात होती तेव्हा घर त्याला खायला उठलं. बाई बघायला येणार, पेटीत धूळ असेल, बरं दिसणार नाही, म्हणून त्याने ती उघडली आणि रंगाच्या कोऱ्या ब्रशने आतून सगळी पुसली. कोपरे पुसायला केबल आड येत होती, म्हणून ती कार्डावरून काढली. आणि परत लावली.

"परत कशी लावलीस?"

"बसली तशी."

"आणि धाग्याकडे नाही बघितलंस?"

"कुठल्या धाग्याकडे?"

लेल्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले. "केबलच्या कडेला तांबडा-पांढरा धागा बांधलेला होता."

चिचोचा चेहरा एकदम उजळला. निदान एक गोष्ट तरी आपण बरोबर केली असं त्याला वाटलं असावं. "ती मार्तेनित्सा? ती मी काढली. करकोचा दिसला ना मला, त्याच दिवशी. दवाखान्यातून येताना, खांबावरच्या घरट्यात. म्हटलं तू मशीनलाही बांधलेली दिसतेस, तू काय, मिरचीच्या रोपांनाही बांधतेस. तुला तर बाहेर जाता येत नाही. म्हणून माझ्या हातातली आणि ती, दोन्ही नेऊन अंगणातल्या फुललेल्या आलुबुखाराला बांधल्या. तुझ्या डोळ्यासाठी इच्छाही मागितली."

आमच्याकडे एक मार्चला तो तांबडा-पांढरा धागा सगळेच बांधतात आणि करकोचा दिसला की फुललेल्या झाडाला नेऊन अडकवतात. त्यात चिचोचं काही चुकलं नव्हतं. पण हा धागा त्यातला नव्हता. लेल्याने तेव्हा जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. एका मार्च महिन्यात त्यांच्या विभागातला लाल रंग संपला. केबलच्या ज्या कडेने पहिली तार जाते त्या कडेला लाल रेघ मारायची असते, म्हणजे उलटसुलट कळतं. रंग येईना, काम थांबेना. शेवटी बायकांनी मनगटावरच्या मार्तेनित्सा सोडल्या आणि त्या कडेला बांधून टाकल्या. सोफियाहून तपासणीला आलेल्या माणसाने विचारलं, हे कुठल्या नियमात बसतं? विभागप्रमुख बाईंनी त्याला शांतपणे विचारलं, आपल्या परंपरेविरुद्ध तुम्ही लिहून देता का? त्याने लिहून दिलं नाही. पुढे रंग आला, पण धागे चालूच राहिले. कंट्रोलरवाल्यांची ती सहीच झाली म्हणा ना.

"आणि हे तू मला कधी सांगितलं नाहीस," चिचो म्हणाला.

"तुला माहीत नसेल असं कुणाला वाटणार? समोरच्या इमारतीत होतास की."

पण समोरच्या इमारतीत लोकरीचा धागा म्हणजे गुन्हा होता. डिस्कवाल्यांच्या खोलीत लोकर म्हणजे धूळ. त्यांना मार्तेनित्सा घालून आत सोडतच नसत. दारातल्या झाडाला अडकवा आणि मग आत या. करकोचा आफ्रिकेतून निघायच्या आतच त्यांचा मार्च संपायचा. अशा माणसाला मशीनच्या पोटात लोकरीचा धागा दिसला, त्यातून खांबावर करकोचा दिसला, मग तो काय करणार होता? त्याने दोन्ही धर्म पाळले होते. स्वच्छतेचाही आणि करकोच्याचाही.

"पॅकिंग," लेल्या म्हणाली, "केबल फिरव."

मी तिचं जुनं, घासलेलं कार्ड परत बसवलं. ते तिनेच सांगितलं. केबल फिरवून लावली. पण बटण दाबायच्या आधी तिने मला थांबवलं, आणि तेव्हा मला कळलं की भीती अजून संपलेली नव्हती. उलट्या केबलवर मशीन चालू केलं की कधी कधी तबकडीवर नको ते लिहिलं जातं, मग सरळ करूनही उपयोग नसतो. आम्ही ते त्या दुपारी कितीदा चालू केलं होतं. चिचोला हे तिच्याइतकंच माहीत होतं. तो येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"दाब," ती म्हणाली.

हुंकार आला. शिट्टी चढायला लागली, चढत गेली. दिवा विझलेला. शिट्टी बारीक झाली, स्थिरावली. दिवा विझलेलाच. मला वाटलं, संपलं.

टुक.

टुक-टुक. आणि दिवा लुकलुकला, थांबला, परत लुकलुकला.

चिचोचं बोट वर गेलं होतं. ते तिला दिसत नव्हतं, म्हणून त्याने ते तिच्या खांद्यावर टेकवलं.

"लुकलुकतोय का?" तिने विचारलं.

"लुकलुकतोय," चिचो म्हणाला. "तुझं कार्ड बोलतंय."

"आणि तुझी किटली?"

"पट्टीत आहे."

मग त्याने राकियाची, म्हणजे घरच्या फळांच्या दारूची, बाटली काढली. डॉक्टरांनी तिला काय काय मना केलंय याची यादी आम्ही दोघांनी आठवून पाहिली. वाकणं होतं, उचलणं होतं. ग्लास मी उचलून तिच्या हातात दिला.

धागा मात्र परत बांधायला हवा होता. अंगणातल्या झाडावर इमारतीतल्या सगळ्यांच्या मार्तेनित्सा लटकत होत्या, त्यातली कुठली ते शोधणं शक्य नव्हतं, आणि झाडाला दिलेला धागा परत काढायचा नसतो. चिचोने रफूच्या टोपलीतून तांबडी लोकर काढली आणि जुन्या मोज्याची पांढरी. दोन्हींना पीळ त्यानेच दिला. डिस्कवाल्या माणसाने स्वतःच्या हाताने मशीनमध्ये लोकर घालणं ही काय चीज आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. गाठ मारताना तो श्वास रोखून होता. पहिली तार कुठल्या कडेला, ते त्याने तिला तीनतीनदा विचारलं, आणि तिने एकदाही टोमणा मारला नाही. चौथ्यांदा मारला.

शुक्रवारी इस्क्रा बाई आल्या. त्यांनी मशीन सुरू करून बघितलं, आणि त्यांच्याही नकळत डोळे मिटून ती शिट्टी ऐकली. त्यांचे वडील डिस्कवाले होते, असं त्या जाता जाता म्हणाल्या. लेल्या मला हळूच म्हणाली, "तरीच इतक्या हळू बोलतात."

लेल्या आणि चिचो आता बुर्गासला असतात. तिचा दुसरा डोळाही झाला. जावयाच्या वॉशिंग मशीनवरून दोघांचा वाद बरा रंगतो असं ऐकतो. मशीन पाणी घेत नाही की पाणी सोडणारा नळ सोडत नाही, असा काहीतरी विषय आहे.

मी त्याच शाळेत पहारेकरी आहे, त्यामुळे कधी कधी त्या खोलीत डोकावतो. बाईंनी पेटीचं झाकण काढून तिथे काच बसवली आहे, मुलांना आतलं दिसावं म्हणून. राखाडी केबलच्या कडेला तो धागा दिसतो. मोज्याची बाजू जरा पिवळी पडलीय. मार्चच्या अखेरीस मुलं मनगटावरच्या मार्तेनित्सा सोडून शाळेच्या चेरीला बांधायला धावतात. हाही धागा कुणी सोडून नेऊ नये म्हणून बुर्गासला जायच्या आधी चिचोने स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहून काचेला आतून चिकटवली, डिस्कवाल्यांच्या त्या सुबक, कणभरही शाई न सांडणाऱ्या अक्षरात.

'हा धागा करकोच्यासाठी नाही. तोत्काचा आहे.'